उजेडाचा चोख हिशेब

मी कवी माणूस. शिक्षण बी. ए.पर्यंत, तेव्हा विज्ञान शिकवण्याचा आव आणणार नाही. पण रात्रीच्या आकाशाचे फोटो काढणारा माझा पुतण्या एकदा म्हणाला, ‘चाचा, कॅमेऱ्याचा सेन्सर मुनीमजीसारखा असतो. जेवढा उजेड आला तेवढाच वहीत मांडतो.’ ही उपमा मला आवडली.

आपला डोळा असा नाही. उजेड दुप्पट झाला तरी त्याला थोडासाच वाढल्यासारखा वाटतो. जुनी फिल्मही बेभरवशाची. अंधूक ताऱ्यासमोर जितकी जास्त वेळ उघडी ठेवावी, तितकी ती सुस्त होत जाई. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी शोधली. २००९ साली त्यांना नोबेल मिळाले. तिच्यावर दुप्पट प्रकाश पडला की दुप्पट इलेक्ट्रॉन जमतात. आजचे सीमॉस सेन्सरही याच रीतीचे.

मात्र प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक रांजण. भरला की पुढचे पाणी वाया. मृग नक्षत्रातला तेजोमेघ घ्या. त्याचा गाभा झगझगीत, पदर अगदी फिके. पदरासाठी पाच मिनिटे कॅमेरा उघडा ठेवला तर गाभ्याच्या जागी पांढरा डाग उरतो. मग संगणकावर कितीही खटपट करा, तिथले चार तारे परत येत नाहीत. म्हणून जाणकार काही सेकंदांचे आणि काही मिनिटांचे वेगवेगळे फोटो घेऊन जोडतात.

फार घाईही उपयोगाची नाही. प्रत्येक फोटो वाचताना सेन्सर स्वतःची थोडी खरखर मिसळतो. आकाशाचा उजेड तिच्या बराच वर येईल इतका वेळ द्यायलाच हवा. पुढे असे १६ फोटो घेऊन सरासरी काढली की खरखर चौथाईवर येते.

आता खरी अडचण. हा मुनीम उजेडाची जात विचारत नाही. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेडही तो तितक्याच इमानाने मांडतो. ती रक्कम नंतर वजा करता येते, पण तिने आणलेली खरखर मागे राहते आणि फिके पदर त्यात बुडतात. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. आनंद आहेच, पण अंधारासाठी जंगल राखून ठेवावे लागावे, याचा विचारही व्हावा. अंगणातल्या दिव्याचे तोंड जमिनीकडे वळवणे एवढे तरी आपल्या हातात आहे.