चौकटीतले चित्र : रंग बदलण्यापासून स्वतःच्या आकृतीपर्यंत

(सास्तूर येथे संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मेळाव्यात स्पर्धा परीक्षा, बँक भरती, शैक्षणिक कर्ज अशा विषयांवर बोलण्याचे काम दरवर्षी आमच्याकडे येते. बँकेतल्या माणसाने तेवढेच बोलावे असा एक समज आहे. यंदा अध्यक्षांच्या परवानगीने आम्ही वेगळा विषय घेतला आहे. जुन्या व्हिडिओ गेममधली चौकोनी ठिपक्यांची छोटी माणसे कशी काढतात, त्यांचे रंग कसे बदलतात आणि ते करता करता चित्र काढायला कसे शिकता येते, हा तो विषय. समोर बसलेल्या काही पालकांच्या कपाळावर आठ्या दिसत आहेत. त्यांनी निश्चिंत असावे; मुलांना खेळायला लावण्यासाठी आम्ही उभे राहिलेलो नाही.

आपल्याकडे दहा-बारा वर्षांचे मूल 'मला चित्र येत नाही' असे अगदी ठामपणे सांगते. चित्रकलेच्या तासाला बहुधा गणित नाहीतर इंग्रजी चालते. रंगपेटी, ब्रश, जाड कागद यांचा खर्च घरात मागायची सोय नसते. अशा मुलासाठी चौकटीतले चित्र ही फार उपयोगाची वस्तू आहे, कारण त्यात हात वळणदार असावा लागत नाही. मोजता आले पाहिजे आणि नीट पाहता आले पाहिजे.

पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा सर्वांत लहान ठिपका. बँकेत पासबुक छापणारे यंत्र कर्र कर्र आवाज करते, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या यंत्राच्या डोक्यात चोवीस बारीक सुया असतात. त्या शाईच्या फितीवर आपटतात आणि ठिपक्याला ठिपका लागून आकडा उमटतो. भिंगातून पाहिल्यास प्रत्येक ठिपका वेगळा दिसतो. (आमची शिल्लक भिंगातूनच पाहावी लागते, असे काही खातेदार म्हणतात, तो भाग वेगळा.)

आपल्या आई-आजींना ही विद्या नवी नाही. दसुतीच्या कापडावर फुलीच्या टाक्याने भरलेले मोर, पोपट आणि 'सुस्वागतम्' एके काळी घरोघरी काचेच्या फ्रेममध्ये दिसत. एका घरात एक फुली, घरे मोजून पुढे जायचे, एवढाच त्याचा नियम. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात सास्तूरची घरे पडली, तेव्हा अशा कितीतरी फ्रेमा दगडमातीखाली गेल्या. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना आमच्या शेजारच्या एका मावशींनी तोच जुना मोर पुन्हा भरायला घेतला. नमुन्याचा कागद कुठे मिळाला असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "कागद कशाला? चोचीपासून शेपटीपर्यंत एकेचाळीस घरं. पाठ हाय मला." मोजून काढलेले चित्र असे पुन्हा उभे करता येते.

दुसरे उदाहरण सोलापूरच्या चादरीचे. जकार्ड मागासाठी नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात. कोणते घर भरलेले, कोणते रिकामे, त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात आणि कोणता धागा वर उचलायचा हे ती भोके ठरवतात. फ्रान्समधील जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास ही रचना सिद्ध केली. पट्ट्या एकदा तयार झाल्या की त्यांच्यावरच लाल-पिवळी चादर निघते आणि निळी-पांढरीही निघते. नक्षी तीच, बदलते ते सूत.

जुन्या व्हिडिओ गेममध्ये नेमके हेच होते. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचे यंत्र बाजारात आणले. नव्वदच्या दशकात आपल्याकडे 'मीडिया', 'सामुराई' अशा नावांनी टीव्हीला जोडायचे खेळ आले, ते याच धर्तीचे. कॅसेटवर '९९९९ खेळ' असे छापलेले असे आणि आत मोजके खेळच फिरून फिरून येत. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५ चा संपूर्ण खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. मोबाइलवर रोज सकाळी येणारा 'सुप्रभात'चा एक फोटोदेखील बहुधा याहून मोठा असतो.

त्या ४० पैकी चित्रांसाठी फक्त ८ किलोबाइट. चित्राचा एक तुकडा ८ बाय ८ घरांचा, आणि असे तुकडे ५१२. आता महत्त्वाची गोष्ट अशी की या घरांत रंग लिहिलेलाच नसतो. प्रत्येक घरात शून्य ते तीन यांपैकी एक आकडा असतो. हलणाऱ्या आकृतीत शून्य म्हणजे पारदर्शक. उरलेल्या तीन आकड्यांना कोणते रंग द्यायचे, याचा तक्ता वेगळा ठेवलेला असतो. तक्त्यातला एक आकडा बदलला की आकृतीला हात न लावता तिचा पोशाख बदलतो. या खेळातला लुइजी म्हणजे मारिओचीच आकृती, फक्त तक्ता दुसरा. आकाशातला पांढरा ढग आणि जमिनीवरचे हिरवे झुडूप हीसुद्धा एकच आकृती आहे. आम्ही हे प्रथम ऐकले तेव्हा खेळ पुन्हा लावून पाहिला, आणि खरोखरच तसे आहे. १९८० च्या 'पॅक-मॅन'मधील चार भुतांचा आकारही एकच. लाल, गुलाबी, आकाशी, नारिंगी या रंगांवरून त्यांना ओळखायचे, आणि प्रत्येकाची पाठलागाची रीत निराळी.

जागेच्या टंचाईतून आकृती कशी घडते, तेही पाहण्यासारखे आहे. शिगेरू मियामोतो यांनी १९८१ च्या 'डाँकी काँग'साठी जो माणूस काढला तोच पुढे मारिओ झाला. इतक्या थोड्या घरांत केस नीट दाखवता येईनात, म्हणून त्याला टोपी दिली. नाक उठून दिसावे म्हणून मिशी दिली. धावताना हात वेगळे दिसावेत म्हणून खांद्यावर पट्टे असलेली डांगरी घातली. जगभर ओळखला जाणारा हा चेहरा अशा अडचणींतून तयार झाला आहे.

आता प्रत्यक्ष कामाचे. कॉम्प्युटरवर पेंट असतेच. पिस्केल आणि लिब्रेस्प्राइट हे प्रोग्राम फुकट मिळतात. आकृती आठपट मोठी करून चौकटीच्या रेषा दिसतील असे करावे. जुन्या पेंटमध्ये एक सोय अनेकांना माहीत नसते. बदलायचा रंग पहिल्या चौकोनात आणि नवा रंग दुसऱ्या चौकोनात निवडून खोडरबर माउसच्या उजव्या बटणाने फिरवला, तर तेवढाच रंग बदलतो, बाकीचे तसेच राहतात. काम पीएनजी प्रकारात साठवावे. जेपीजीमध्ये कडा चिखलासारख्या होतात. रंग निवडताना त्याच्या नावापेक्षा तो किती उजळ आणि किती गडद आहे हे आधी पाहावे. लाल आणि हिरवा सारखेच गडद असतील तर लांबून एकच डाग दिसतो. सावलीसाठी नुसता काळा मिसळू नये, किंचित निळ्याकडे जावे. उजेड पिवळ्याकडे न्यावा. तिरकी रेषा काढताना पायऱ्या क्रमाने वाढवाव्यात किंवा कमी कराव्यात. एक, तीन, एक, दोन अशा पायऱ्या पडल्या की रेषा दातेरी दिसते. हे सर्व दुसऱ्याच्या आकृतीवर रंग बदलता बदलता शिकता येते, म्हणून सुरुवात तिथून करावी असे आमचे मत आहे.

मात्र तिथेच थांबू नये. आमच्या रविवारच्या वर्गात एका मुलाने मारिओचा चेहरा सावळा केला, टोपी निळी केली आणि म्हणाला, "सर, हा आता आपला झाला." सर्वांनी टाळ्या वाजवल्या. आम्हालाही बरे वाटले. तेवढ्यात मागे बसलेल्या नववीतल्या एका मुलीने विचारले, "पण सर, मिशी कुणाची?" वर्ग गप्प झाला. तिचा प्रश्न अचूक होता. तक्ता आपला, पण घरे दुसऱ्याने भरलेली. शिवाय त्या आकृतीवर कंपनीचा कायदेशीर हक्क आहे. घरी सराव करावा, पण ती छापून विकू नये आणि तिच्याखाली आपले नाव घालू नये.

तिच मुलगी पुढच्या रविवारी गणिताच्या चौकटीच्या वहीत १६ बाय १६ घरांची एक आकृती घेऊन आली. तिची आई दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते, तेव्हा ती आजीजवळ राहते. आकृती आईची होती. आधी तिने नुसते लुगडे काढले होते, त्यात हात हरवत होते. मग तिला आठवले की फडात बायका लुगड्यावर पुरुषाचा सदरा घालतात. सदरा वेगळ्या रंगाचा केला आणि हात सुटून दिसू लागले. मारिओच्या डांगरीने जे केले तेच या सदऱ्याने केले, आणि मियामोतोंनी काय केले ते आम्ही तोपर्यंत वर्गात सांगितलेले नव्हते! कोयता एका घराच्या जाडीचा काढला तर दिसेना, म्हणून तिने तो जवळजवळ हाताएवढा केला. डोक्यावर मोळी आडवी ठेवल्यामुळे संपूर्ण आकृती काळी करून पाहिली तरी कोण आहे ते ओळखू येते. पाऊल पुढे आणि पाऊल मागे अशी दोन चित्रे एकामागून एक दाखवली की ती चालते. सदरा, कातडी, ऊस आणि गडद कड, असे चारच रंग. लुगड्याला पाचवा रंग न घेता तिने उसाचाच हिरवा वापरला.

आम्ही इतके खेळ पाहिले, पण मोळी घेऊन चालणारी बाई त्यात कधी पाहिली नव्हती.

आता वर्गातली बाकीची मुले तिच्या आकृतीचे रंग बदलतात. कुणाच्या आईचा सदरा पांढरा, कुणाच्या आईचा चौकड्यांचा. चौकडे चार रंगांत बसवताना एकाला दोन रविवार लागले. रंग बदलण्याआधी मला विचारायचे, अशी तिची अट आहे आणि ती सर्व जण पाळतात.

यातून लगेच नोकरी लागेल असे आम्ही सांगणार नाही. तसे सांगणारे क्लासवाले पुष्कळ आहेत आणि त्यांची फी भरण्यासाठी कर्ज मागायला पालक आमच्याच काउंटरवर येतात. आमचे म्हणणे एवढेच की वही आणि पेन्सिल यांवर हे काम निम्म्याहून अधिक होते. कॉम्प्युटर संस्थेकडे एकच आहे, तो फडावर नेता येत नाही. वही नेता येते. घरांत शून्य, एक, दोन, तीन असे आकडे लिहिले आणि बाजूला रंगांचा तक्ता लिहिला की तेच चित्र परत आल्यावर जसेच्या तसे पडद्यावर चढवता येते.

दाराजवळच्या टेबलावर चौकटीच्या वह्या ठेवल्या आहेत. ज्या मुलांचे आईवडील दिवाळीनंतर टोळीबरोबर निघणार आहेत आणि ज्यांना सोबत जावे लागणार आहे, त्यांनी प्रथम घ्याव्यात. उरलेल्या वह्या इतरांसाठी आहेत. पहिल्या पानावर आठ बाय आठचा एक नमुना आम्ही आखून दिला आहे. दुसऱ्या पानापासून वही कोरी आहे.