मातीविना सांबार

काही हिवाळ्यांपूर्वी माझ्या गच्चीवरचे पांढरे पाइप बघून शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, "भाऊ, हे हायड्रोपोनिक म्हणजे पेपरात येते तेच नं? पोलीस तं नाही येत?" पाइपांच्या भोकांतून तेव्हा सांबार वर आला होता, म्हणजे पुण्या-मुंबईकडची कोथिंबीर, आणि थोडा पालक.

काकूंच्या भीतीला कारण आहे. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांत 'हायड्रोपोनिक गांजा' सापडल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून वारंवार येतात. थायलंडनं जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. तिकडे बंद खोल्यांत, दिव्यांखाली, मातीविना पिकवलेला माल तस्करांनी इकडे आणायला सुरुवात केली. आपल्या कितीतरी घरांत हा शब्द पहिल्यांदा पोचला तो असा, गांजाला चिकटून. एका चांगल्या शेतीपद्धतीचं नाव असं बदनाम व्हावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१९८५ चा अमली पदार्थांचा कायदा झाड बघतो, कुंडी बघत नाही. गांजाचं झाड तुरीच्या तासात लावलं काय नि पाण्याच्या पाइपात लावलं काय, गुन्हा एकच. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. घरच्यापुरता पालक, सांबार, टमाटर पाण्यावर वाढवायला मात्र कुणाचा परवाना लागत नाही. उलट केंद्राच्या फलोत्पादन अभियानाच्या २०२५ च्या सुधारित सूचनांमध्ये हायड्रोपोनिक्सला मदतीच्या यादीत जागा मिळाली आहे.

कायद्याची अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. गच्चीला सातबारा नसतो. आपलं पीककर्ज, पीकविमा, पीकपाहणी, सगळं त्या एका उताऱ्याला बांधलेलं. शहरातल्या भाड्याच्या गच्चीवर कुणी कितीही भाजी काढली तरी त्या वहीत त्याचं नाव येत नाही. दुसरी गोष्ट पाकिटावरच्या शब्दाची. विद्राव्य रासायनिक खतावर वाढलेल्या पालेभाजीला 'सेंद्रिय' म्हणून विकता येत नाही, आणि विकूही नये. ही भाजी स्वच्छ असू शकते, ताजी असू शकते, पण ती सेंद्रिय नाही.

मग ती विषारी आहे का? तसंही नाही. वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागांना ठिबकमधून जी विद्राव्य खतं जातात, त्याच जातीची खतं इथे पाण्यात विरघळवतात. झाडाचं मूळ मातीतही नत्र, पालाश, कॅल्शियम पाण्यात विरघळलेल्या रूपातच ओढून घेतं. जर्मन शास्त्रज्ञांनी हे १८६० च्या दशकातच मातीशिवाय रोपं वाढवून दाखवलं होतं. हायड्रोपोनिक्स हे नाव कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ गेरिक यांनी १९३७ मध्ये रूढ केलं, आणि १९४६ पासून संशोधक शोल्टो डग्लस यांनी बंगालमध्ये वाळू-खडीवरची स्वस्त रीत बसवली. म्हणजे ही पद्धत आपल्या देशाला नवी नाही.

मला खरी काळजी वाटते ती उलट्या गैरसमजाची. जमीन खारी आहे तर मातीच नको, असा विचार करून अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातली तरुण मुलं कर्ज काढायला निघतात. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागात मातीइतकंच विहिरी-बोअरचं पाणीही खारं. पालेभाजीला खत घातलेल्या पाण्याची क्षारता ईसी मीटरवर दीड-पावणेदोनच्या आसपास लागते. इथल्या अनेक विहिरींत खताची चिमूटही टाकण्याआधी मीटर दोनच्या वर जातो. अशा पाण्यात खत घालायला जागाच उरत नाही. आधी पाणी तपासा, मग पाइपांचा भाव विचारा. शेततळ्यातलं किंवा छपरावरचं पावसाचं पाणी साठवलं तरच इथे हे जमतं.

दुसरा वैरी मे महिना. अकोल्याचा पारा ४५ च्या वर चढतो, पाइपातलं पाणी कोमट होतं, कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि मुळं सडू लागतात. त्यात वीज गेली की पंप बंद. पहिल्या उन्हाळ्यात माझी सगळी रोपं एका दुपारीत माना टाकून बसली. तेव्हापासून मी दिवाळीनंतर लावतो आणि होळीला आवरतो. पंपाऐवजी बादली वापरतो. झाकणाच्या भोकात रोप बसवायचं. मुळांचा खालचा भाग पाण्यात, वरचा हवेत. वीज गेली तरी ते तगतं.

गोठ्यासाठी ट्रेमध्ये मका भिजवून हिरवा चारा करतात, त्याबद्दलही एक सांगतो. एक किलो मक्यातून आठवड्याभरात पाच-सहा किलो चारा निघतो, हे खरं. पण ती वाढ पाण्याची आहे. वाळवून तोलला तर मूळ दाण्यापेक्षा थोडा कमीच भरेल. दुभत्या जनावराला हिरवा घास म्हणून चांगला, पण त्याच्या भरवशावर ढेप आणि कुटार बंद करू नका.

काकूंनी परवा घरची एक झाकणाची बादली आणून दिली. झाकणाला पाच भोकं पाडायची आहेत. पावसाच्या पाण्याची टाकी अजून अर्ध्याहून जास्त भरलेली आहे.