"ही अजून चालते?"



सकाळी शाळेच्या फाटकाशी माझी प्रीमियर पद्मिनी पाहून निम्म्या वर्गाने हाच प्रश्न विचारला. तेव्हा ठरवलेलं भाषण राहू द्या, तिच्याबद्दलच बोलते.

गाडी बाबांची. आपण सगळे तिला फियाटच म्हणायचो. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतल्या कुर्ला कारखान्यात ती बनायची. उत्पादन थांबून वीस वर्षं उलटून गेली. तरी मुंबईत टॅक्सी होत्या तोवर सुट्या भागांना गिऱ्हाईक होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही बंद झाली. आता एखादा भाग मिळाला तर नशीब. शिवाय १ एप्रिल २०२२ ला जुन्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० वरून ५००० रुपये झालं होतं, ते वेगळंच!

बुलढाण्यातले आमचे मिस्त्रीकाका मात्र डगमगत नाहीत. गॅस्केट नाही? जाड गॅस्केट पेपर त्या जागेवर धरून हातोडीने कडेकडेने हलके ठोके देतात, कागद बरोबर आकारात कापला जातो. बुश झिजला तर लेथवर नवा करून आणतात. पॉइंट पॉलिश पेपरने घासतात आणि फीलर गेजने फट जुळवतात. पण ब्रेकमध्ये जुगाड नाही. एकदा मास्टर सिलिंडरचं रबर किट मिळेना, तर गाडी दोन महिने उभी ठेवली. दुसऱ्या गाडीचं बसवा म्हणणारे होतेच. काका एवढंच म्हणाले, "मलकापूरला जाताना राजूर घाट उतरायचा आहे ना पोरी?"

माझं काम नव्या गाड्यांच्या कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर लिहिण्याचं. त्याने धूर कमी होतो, पेट्रोल वाचतं, हे खरंच. पण वीस वर्षांनी ते युनिट गेलं आणि कंपनीने ते बनवणं थांबवलेलं असलं, तर? आतला प्रोग्राम कुलूपबंद. बाकी गाडी धडधाकट असूनही भंगारात. हा विषय मी ऑफिसात काढला की चहाची वेळ होते.

मिस्त्रीकाका सत्तरीपुढे गेलेत, हाताखाली पोरगा टिकत नाही. म्हणून सुट्टीत आले की त्यांच्याजवळ बसून एकेका बुशाचं माप वहीत उतरवते. आपल्यातले दोघे आयटीआयमध्ये शिकवतात. त्यांनी ही मापं मुलांना सरावासाठी द्यावीत, वही मी सोबत आणली आहे.

आणि कोणाच्या गोठ्याशेजारी पद्मिनी उभी असेल, तर भंगारवाल्याआधी मला सांगा. इंजिन नसलं तरी चालेल. समोरची काच शाबूत असेल तर जेवणाआधीच भेटा, ती काही लेथवर होत नाही.