गाठ काढल्यानंतरचे दुखणे



डोक्यातील गाठ काढली, किरणांचे शेकही झाले. तरी काही महिन्यांनी हात जड पडतो, शब्द आठवत नाही. आपण घाबरतो, 'गाठ परत आली!' कधी ती येतेही; पण कधी ती शेकाने आलेली सूज असते. एम.आर.आय.च्या एका फोटोत दोन्ही सारखीच दिसू शकतात. म्हणून डॉक्टर पुन्हा फोटो काढतात. सुजेच्या गोळ्या आपण आपल्या मनाने बंद करू नयेत. फीट आली तर रोग्याला कुशीवर वळवावे. कांदा, चप्पल हुंगवू नये. तोंडात काही घालू नये.

आता आपल्याला लिहिता येते. तारीख घालून रोज वहीत लिहू : काय झाले, किती वेळ टिकले. दवाखान्यात रोग्याला शब्द सापडला नाही, तर वही सांगेल.