दुर्बलांचा कैवार : डावे, उजवे आणि आपण

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी व्याख्याता नाही. बी.कॉम.चा निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांनी गादीवर बसवले. तेव्हापासून मीटर, कात्री आणि खातेवही हेच माझे विश्व. त्यामुळे ‘दुर्बलांकडे पाहण्याची डाव्यांची आणि उजव्यांची दृष्टी’ असा विषय मी सुचवला तेव्हा काही विश्वस्तांच्या कपाळावर आठी उमटली. धर्मस्थानात राजकारण नको, ही त्यांची भावना योग्यच होती. मीही येथे कोणत्याही पक्षाचा प्रचार करणार नाही. मला माझ्याच दुकानात पडलेल्या एका प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे.

आमच्या दुकानी भिवंडी, इचलकरंजी, सुरतेहून येणाऱ्या कापडाच्या गाठी एक हमाल वीस वर्षे वाहत होता. एका पावसाळ्यात ओल्या पायरीवरून पाय घसरून तो गाठीसकट पडला. कंबर कायमची अधू झाली. मी त्याला भेटायला गेलो, रुग्णालयाचे बिल भरले, वर काही रक्कम त्याच्या हाती ठेवली. त्याने आणि त्याच्या पत्नीने हात जोडले. पुण्य पदरी पडले अशा समाधानाने मी घरी परतलो.

काही महिन्यांनी त्याचा मुलगा दुकानी आला. तो सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नुकताच कामाला लागला होता. अत्यंत नम्रपणे तो म्हणाला, “शेठजी, तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण माझ्या कंपनीत कोणी पडला, तर तो कार्ड दाखवून कामगार विमा रुग्णालयात जातो. त्याला कोणापुढे हात जोडावे लागत नाहीत. बाबांनी वीस वर्षे तुमचे ओझे वाहिले. त्यांना हात का जोडावे लागले?”

मी निरुत्तर झालो. ते रुग्णालय आपल्या सातपुरातच आहे. १९४८ च्या कायद्याने ती व्यवस्था सुरू झाली. मालक आणि कामगार दोघेही वर्गणी भरतात, त्यातून ती चालते. रस्त्याच्या एका बाजूला जो उपचार हक्काने मिळतो, तोच दुसऱ्या बाजूला दयेवर अवलंबून का असावा? डावे आणि उजवे यांच्यातील सारा वाद या एका प्रश्नात सामावलेला आहे, असे मला वाटते.

हे दोन शब्द १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीतून आले. राष्ट्रीय सभेत राजाचा नकाराधिकार टिकावा असे म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले, त्याला विरोध करणारे डाव्या हाताला. पुढे अर्थ विस्तारत गेले. दुर्बलांपुरते बोलायचे, तर उजव्या विचाराचा माणूस म्हणतो : पडलेल्याला प्रथम त्याचे कुटुंब, शेजारी, ज्ञाती, धर्मसंस्था यांनी उचलावे. मदत स्वेच्छेची असावी, कारण तिने घेणाऱ्याइतकेच देणाऱ्याचेही भले होते. सरकारने उद्योगाची वाट अडवू नये, म्हणजे बहुतेकांना मदतीची गरजच उरणार नाही. डाव्या विचाराचा माणूस विचारतो : हा पडला कसा? जमीन कोणाची, मजुरी कोणी ठरवली, जन्माने कोणाला मागे ठेवले? कारण दूर केल्याशिवाय दान म्हणजे जखमेवरची पट्टी होय. म्हणून कायदा हवा, हक्क हवा.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मी हा भेद खातेवहीच्या भाषेत मांडतो. दुर्बलाला दिलेला रुपया उजवा माणूस धर्मादाय खात्यात लिहितो, डावा तोच रुपया देणे खात्यात लिहितो. रुपया तोच, पण पहिल्या खात्यात देणारा उपकारकर्ता ठरतो आणि दुसऱ्यात ऋणको.

दोन्ही खात्यांत आपल्या महाराष्ट्राने मोठ्या नोंदी केल्या आहेत. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांनी ठाणे जिल्ह्यातील वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध संघटित केले. पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या शेतावर फुकट राबणारा माणूस ताठ उभा राहिला, तो कोणी अन्नछत्र घातले म्हणून नव्हे. ‘हे माझे आहे’ असे म्हणायला कोणी शिकवले म्हणून. अलीकडचे उदाहरण तर आपल्या नाशिकचेच आहे. ६ मार्च २०१८ रोजी किसान सभेच्या लाल झेंड्याखाली हजारो शेतकरी येथून मुंबईला पायी निघाले. त्यांत सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे आदिवासी मोठ्या संख्येने होते. वनहक्क कायदा २००६ साली झाला होता, पण कसत असलेली जमीन नावावर होत नव्हती. मुंबईत दहावीची परीक्षा होती. मुलांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा ते रात्रीच चालले आणि १२ तारखेला पहाटे आझाद मैदानावर पोचले. त्यांच्या पायांचे फोड पाहून मुंबईकरांनी पाणी, अन्न, चपला आणून दिल्या. ते हक्क मागायला आले होते आणि वाटेत त्यांना करुणा भेटली. त्या वेळी राज्यात उजव्या विचाराचे सरकार होते. त्या सरकारनेही बहुतेक मागण्या लेखी मान्य केल्या.

आता दुसरी बाजू. शरद जोशींचे शेतकरी आंदोलन आपल्या पिढीला आठवते. १९८० साली कांदा आणि उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यातले रस्ते आणि रेल्वे अडली होती. जोशी हे बाजाराच्या स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते होते. आर्थिक विचाराने त्यांना उजवेच म्हटले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे, की शेतकरी स्वभावतः दुर्बल नाही, सरकारने निर्यातबंदी आणि लेव्ही लादून त्याला दुर्बल केले आहे. त्याच्या घामाला दाम मिळू द्या, मग त्याला अनुदानाची गरज नाही. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत त्यांनी शेतकऱ्यांना स्वेच्छेने पत्नीच्या नावे जमीन करण्यास प्रवृत्त केले, हेही विसरता येणार नाही. उजव्या प्रवाहातील सेवाकार्यही मोठे आहे. १९५२ साली जशपूर येथे सुरू झालेल्या कल्याण आश्रमाची वसतिगृहे देशभर पसरली आहेत. गंमत अशी, की ज्या माणसाला डावे ‘आदिवासी’ म्हणतात त्याला उजवे ‘वनवासी’ म्हणतात. एकाला त्याचा जमिनीवरचा आद्य अधिकार दिसतो, दुसऱ्याला तो आपल्याच कुटुंबातला, वनात राहिलेला भाऊ दिसतो. दोन्ही शब्दांत आपुलकी आहे, पण निष्कर्ष वेगळे निघतात.

बंधुभगिनींनो, दोन्ही बाजूंच्या उणिवाही तितक्याच स्पष्टपणे पाहिल्या पाहिजेत.

हक्काची भाषा बोलणारे सत्तेत गेले की दुर्बलाला विसरतात, याचा दाखला पश्चिम बंगालमधला आहे. ज्या आघाडीने १९७८ पासून ‘ऑपरेशन बर्गा’ राबवून कुळांची नोंद केली, त्याच आघाडीच्या काळात १४ मार्च २००७ रोजी नंदीग्राम येथे भूसंपादनाला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि १४ माणसे मेली.

आणि दानाची भाषा कोठे अपुरी पडते, हे पाहायला दूर जायला नको. नाशिक हे तीर्थक्षेत्र. धर्मशाळा, अन्नदान, यात्रेकरूंची सेवा यांची येथे कधीच वाण नव्हती. त्याच नाशकात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो सुमारे पाच वर्षे चालला. दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने लढवला, पण दार उघडले नाही. अन्न देणाऱ्या गावाने बरोबरीने उभे राहू दिले नाही. दात्याला आवडेल तोच याचक दान मिळवतो आणि ज्याची सावलीही नकोशी आहे त्याच्यापर्यंत ते पोचत नाही, ही दानाची मर्यादा आहे.

पण इतिहासाने काही चमत्कारही केले आहेत. कामगारांसाठी सक्तीचा विमा जगात प्रथम कोणी आणला? जर्मनीच्या बिस्मार्कने, जो समाजवाद्यांचा कट्टर विरोधक होता. १८८३ साली आजारपणाचा, १८८४ साली अपघाताचा आणि १८८९ साली वृद्धत्वाचा विमा त्याने कायद्याने लागू केला. हेतू समाजवाद्यांच्या शिडातली हवा काढण्याचा होता. परंतु ज्या रुग्णालयाचा उल्लेख त्या मुलाने केला, त्याचे मूळ या उजव्या पुढाऱ्याच्या कायद्यात सापडते.

असाच दोन्ही विचारांचा संगम आपल्या महाराष्ट्राने घडवला, तो म्हणजे रोजगार हमी योजना. १९७२ चा दुष्काळ मला आठवतो. मी तेव्हा शाळकरी होतो. सिन्नरकडच्या रस्त्यांवर बाया-माणसे खडी फोडत बसलेली, मिलोची लालसर भाकरी आणि सुकडी हे त्यांचे अन्न. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती. त्यांनी १९६५ पासून तासगाव तालुक्यात जो प्रयोग केला होता, तो दुष्काळात राज्यभर पसरला. १९७७ साली त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. यात डाव्यांचा हक्क आहे आणि उजव्यांचा स्वाभिमानही, कारण फुकट काही नाही, घामाच्या बदल्यात मजुरी आहे. १९९० पासून तिला फळबागांची जोड मिळाली. खोट्या मस्टरांनी ही योजना बदनामही झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही २००५ च्या देशव्यापी कायद्यामागे महाराष्ट्राचाच अनुभव होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा केला. हमीचे शंभर दिवस सव्वाशे झाले, राज्यांवरचा खर्चाचा भार मात्र वाढला. हक्क पातळ झाला की काम वाढले, यावर दोन्ही बाजू भांडत आहेत.

आता मुख्य गोष्ट. या योजनेला पैसा कोठून आला? १९७५ साली राज्याने व्यवसाय कर लावला, तो या हमीसाठी. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने घालायची, असे ठरले. म्हणजे आपण दुकानदार दरवर्षी जो व्यवसाय कर कपाळाला आठ्या घालून भरतो, त्याच्यातून पाझर तलाव झाले, नालाबांध झाले, कोणा माउलीची चूल पेटली. मी कित्येक वर्षे तो कर भरला आणि सरकारच्या नावाने बोटे मोडली. मंदिराला दिलेल्या देणगीची पावती मात्र जपून ठेवली. दोन्हींतून भूक शमली, पण एकीचे पुण्य मी मोजले आणि दुसरीचे नुकसान मोजले.

आणखी एक कबुली द्यायची आहे. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्याच्या अनुसूचीत कापूस आणि कापड बाजारातली हमाली आहे. मालकाने मजुरीबरोबर लेव्ही मंडळाकडे भरायची, त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी आणि उपचार मिळायचे. आमच्यासारख्या लहान दुकानांपर्यंत तो पोचला नाही आणि खरे सांगायचे तर तो पोचू नये अशीच आमची इच्छा होती. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. त्याच्या वडिलांचे जे देणे होते, ते मी वीस वर्षे चुकवले आणि शेवटी त्याचाच एक तुकडा दान म्हणून दिला.

आपल्या परंपरेने याविषयी काय सांगितले आहे? आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांविषयी आपण नेहमी ऐकतो. परंतु अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण क्वचितच मोजतो. त्यांत ‘अतिभारारोपण’ आहे, म्हणजे शक्तीबाहेर ओझे लादणे. आणि ‘अन्नपाननिरोध’ आहे, म्हणजे अवलंबून असलेल्याचे अन्नपाणी अडवणे. हे दानाच्या प्रकरणात सांगितलेले नाही, व्रताच्या प्रकरणात सांगितले आहे. हमालाच्या पाठीवर जड गाठ ठेवणे ही औदार्यातली उणीव नसून व्रतभंग आहे. आचार्यांनी ते देणे खात्यातच लिहून ठेवले होते, आपणच ते धर्मादायकडे वर्ग केले.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, आपल्या दुकानांतून एका माणसाच्या पाठीवर पन्नास किलोंहून जड गाठ देऊ नये. पुरवठादाराला आधीच कळवावे. दुसरी, प्रत्येक हमाल आणि नोकर यांचा अपघात विमा मालकाने उतरवावा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला अवघा २० रुपये आहे आणि संरक्षण २ लाखांचे. वीस रुपयांसाठी सबब सांगण्यासारखी आपली स्थिती नाही. तिसरी, जेथे माथाडी मंडळाची नोंद लागू होते तेथे ती करावी. जेथे होत नाही तेथे ट्रस्टने गाठीमागे ठरावीक रक्कम जमवून निधी उभारावा. त्याचा हिशेब हमालांनाही पाहता यावा आणि निधी घेताना कोणाला हात जोडावे लागू नयेत.

दान बंद करा असे मी म्हणत नाही. मुंबईकरांनी दिलेल्या चपला कोणत्याही कायद्यात बसत नाहीत आणि त्या नसत्या तर तो मोर्चा अधिक वेदनेचा झाला असता. परंतु आधी देणे फेडावे, मग दान करावे, हा व्यापाऱ्याचा साधा नियम आहे. उधारी थकवून देणगी देणाऱ्याला आपण बाजारात काय म्हणतो, हे मी सांगायला नको.

त्या हमालाला आता मी दरमहा ठरलेली रक्कम पाठवतो. वहीत ती कोठे लिहायची, यावर मुनीमजी अडले होते. “धर्मादायमध्ये टाकू का?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “नाही. देणे खात्यात लिहा.”

बोलण्यात कोणाचे मन दुखावले असेल, तर मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.