घरचे कुत्रे, गल्लीचा प्रश्न



या व्याख्यानमालेत मोठमोठ्या विद्वानांनी वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत नाना विषय मांडले आहेत. त्यांच्या पंक्तीला कामगार संघटनेचा एक कार्यकर्ता येऊन बसतो आणि विषय घेतो तो घरच्या कुत्र्याच्या नसबंदीचा! कार्यक्रमपत्रिका वाचून काही मंडळी हसली असतील. त्यांचा आम्हांला राग नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे सारे संघटनेच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि मालकांशी वाटाघाटी करता करता झाले. त्या वाटाघाटींनी आम्हांला एक गोष्ट शिकवली. कोणताही करार हाती आला की त्याखाली सह्या कोणाच्या आहेत ते पाहावे, आणि त्याची किंमत कोण मोजणार तेही पाहावे. पुष्कळदा ही माणसे वेगवेगळी निघतात.

कुत्र्याच्या नसबंदीचा निर्णय असाच आहे. करावी की न करावी, ते मालक ठरवतो. भोगतात ते कुत्रा आणि गल्ली. आमच्या सभासदांत पहाटे रस्ते झाडणाऱ्या बाया आहेत, रात्रपाळी संपवून सायकलीवर घरी जाणारे गडी आहेत, घरोघर पार्सले पोचवणारी पोरे आहेत. कुत्री माजावर आली आणि तिच्यामागे सातआठ कुत्रे एकमेकांवर तुटून पडले की त्या गल्लीतून जावे लागते ते यांना. म्हणून हा प्रश्न आम्ही आमचा मानतो.

आता नसबंदी हा शब्द काढला की कित्येक वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते, आणि तिला कारण आहे. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत या शब्दाच्या नावाने गरिबांवर जबरदस्ती झाली. १९७६ साली आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूरही केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. माणसाला मत असते, ते सांगायला तोंड असते, आणि ते ऐकून न घेता त्याच्या देहावर शस्त्र चालवणे हा अन्याय होता. कुत्र्याला तर विचारताच येत नाही. यावरून काही सज्जन म्हणतात, ज्याला विचारता येत नाही त्याच्या वाटेला जाऊ नये. देवाने दिले तसे राहू द्यावे.

हा विचार ऐकायला गोड आहे. पण जरा खोलात जाऊ. कुत्र्याला बांधायचे की सोडायचे, काय खाऊ घालायचे, कोणाची जोडी जुळू द्यायची, पिल्ले कोणाला द्यायची, हे सगळे आपणच ठरवतो. मग नसबंदी न करणे हाही आपणच त्याच्या वतीने घेतलेला निर्णय झाला. त्याची जबाबदारी देवावर ढकलता येत नाही. आणि आपला समाज या बाबतीत फार हळवा होता असेही नव्हे. खोंडाचा बैल करताना त्याला पाडून, बांधून, भूल न देता बडवीत असत. पुढे बर्डिझोचा चिमटा आला. औताला शांत बैल हवा होता, म्हणून तेव्हा पापपुण्य कोणी काढले नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र, तेही भूल देऊन पशुवैद्य काम करीत असता, आपल्याला एकाएकी धर्म आठवतो!

दुसरे एक मत घराघरांतून ऐकू येते : "एकदा तरी तिला आई होऊ द्या, मग बघू." बोलणाऱ्याची माया खरी असते. परंतु एक वेत झाल्याने कुत्रीची प्रकृती सुधारते याला वैद्यकशास्त्रात आधार नाही. कुत्र्याच्या बाबतीत घरातले पुरुष अडून बसतात. तिथे कुत्र्याच्या सुखापेक्षा स्वतःच्या मर्दपणाची काळजी अधिक असते, हे आम्ही सभ्यतेची मर्यादा पाळून सांगतो.

तेव्हा भावना क्षणभर बाजूला ठेवून जमाखर्च मांडू. प्रथम जमेची बाजू. कुत्री साधारण सहा महिने ते वर्षाच्या आत पहिल्यांदा माजावर येते, मोठ्या जातीत याहून उशीर होतो. पुढे बहुतेक वर्षातून दोनदा माज येतो आणि सुमारे तीन आठवडे टिकतो. माजानंतरच्या काही आठवड्यांत गर्भाशयात पू होण्याचा एक रोग होतो. कुत्री फार पाणी पिते, अन्न टाकते, मलूल होते. वेळेवर गर्भाशय काढले नाही तर दगावते. स्वीडनमध्ये विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दहा वर्षांच्या वयापर्यंत जवळजवळ चौथा हिस्सा माद्यांना हा रोग झालेला आढळला. गर्भाशय व बीजकोश आधीच काढले असतील तर हे भय बहुतांशी संपते. माज लांबवण्याची इंजेक्शने स्वस्त म्हणून कोणी देतात. त्यांनी उलट याच रोगाचा धोका वाढतो. नराच्या बाबतीत वृषणाच्या गाठी आणि म्हातारपणी होणारी प्रॉस्टेटची वाढ टळते. शिवाय आपल्याकडे मोकाट कुत्र्यांत समागमातून पसरणारा गाठींचा एक कर्करोग बराच आढळतो. रात्री भटकून येणारा घरचा कुत्रा तो घेऊन येतो.

आता खर्चाची बाजू, कारण एकच बाजू सांगणारा पुढारी ओळखायला आम्ही कामगारांना शिकवतो. १९६९ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया न झालेल्या कुत्रीला स्तनाच्या गाठीचा जो धोका, त्याच्या मानाने पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया झालेलीला अवघा अर्धा टक्का, एका माजानंतर ८ टक्के आणि दोन माजांनंतर २६ टक्के, असे त्यात म्हटले होते. हे आकडे आजही दवाखान्यांतून सांगितले जातात. परंतु २०१२ साली या विषयावरचे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा पुरावा कच्चा ठरला. फायदा असू शकेल. आकडा मात्र छातीठोकपणे सांगू नये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२० साली ३५ जातींची माहिती प्रसिद्ध केली. तीत लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड यांसारख्या मोठ्या जातींत वर्षाच्या आत शस्त्रक्रिया केल्यास सांध्यांचे विकार अधिक दिसले. लहान जातींत तसे दिसले नाही. काही माद्यांना पुढे झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो. आणि शस्त्रक्रियेनंतर अन्नाची गरज कमी होते, पण आपला हात कमी होत नाही. मग कुत्रे फुगते.

स्वभावाचेही तेच. नराचे भटकणे, जागोजाग मुतणे, मादीसाठी भांडणे पुष्कळ कमी होते. पण जो कुत्रा भीतीने चावतो तो या शस्त्रक्रियेने सुधारत नाही. त्याला माणसांची सवय लावावी लागते. आणि नसबंदी म्हणजे रेबीजची लस नव्हे. लस वेगळी, ती दिलीच पाहिजे.

इथवर घरचा हिशेब झाला. आता गल्लीचा. कुत्री सुमारे त्रेसष्ट दिवसांत विते आणि पाचसहा पिल्ले सहज होतात. नर पिल्ले शेजारीपाजारी, पाहुणे घेऊन जातात. माद्या उरतात. त्यांचे काय होते? आमच्या औद्योगिक वसाहतीच्या फाटकाशी येऊन पाहा. वर्षातून कितीदा तरी पोत्यात घातलेली पिल्ले तिथे सापडतात. "कँटीन आहे, जगतील," अशी सोडणाऱ्याची समजूत. पश्चिम बंगालमध्ये रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांवर नजर ठेवून केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. जननक्षम वयापर्यंत त्यांतली फक्त १९ टक्के जगली, आणि मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मृत्यूंना माणूस कारण होता. म्हणजे दर पाचांतली चार पिल्ले चाकाखाली, काठीखाली, उपासमारीने वा रोगाने जातात. "आई होऊ द्या" म्हणणाऱ्या मायेचा हा शेवटचा हिशेब आहे, आणि तो फाटकावरचा पहारेकरी चुकता करतो. जी एक मादी जगते तीही वर्षभरात माजावर येते. आपल्यात म्हण आहे, आयजीच्या जिवावर बायजी उदार. दुसरे काय?

मग लोक चिडून म्हणतात, मारून टाका ती रस्त्यावरची कुत्री. हाही उपाय जुना आहे. जून १८३२ मध्ये मुंबईत सरकारी हुकुमाने कुत्री मारण्याचे काम चालू होते. शिपाई घरांत शिरून कुत्री नेऊ लागले, तेव्हा पारशी मंडळींनी दुकाने बंद केली आणि दंगल उसळली. मुंबईच्या जुन्या हरताळांत त्याची गणना होते, म्हणून आमच्यासारख्याला त्याचे विशेष वाटते. घरचे कुत्रे कोणते आणि गल्लीचे कोणते, हा वाद तेव्हाही होता. पुढेही दीर्घकाळ कुत्री मारली गेली, पण ती संपली नाहीत. अखेर २००१ सालच्या केंद्रीय नियमांनी मोकाट कुत्र्यांसाठी नसबंदी व लसीकरणाचा मार्ग धरला, आणि २०२३ सालच्या नव्या नियमांनी तो पुढे चालवला. मात्र पाळीव जनावराच्या नसबंदीची आणि लसीची जबाबदारी या नियमांत मालकावर टाकली आहे. एका हाताने नगरपालिकेने नसबंदी करीत राहायचे आणि दुसरीकडे आपण घराघरांतून नवी पिल्ले रस्त्यावर सोडत राहायचे, हे फुटक्या रांजणात पाणी भरणे झाले.

तर आमचे मत असे. ज्या घराचे दार उघडे असते, ज्या चाळीत, वस्तीत कुत्रे दिवसा मोकळे हिंडते, तिथे नसबंदी करावी. मादीची तर अवश्य करावी. कधी करावी हे जात, वजन आणि प्रकृती पाहून पशुवैद्याने सांगावे. मोठ्या जातीत वर्ष, दीड वर्ष थांबणे हिताचे असेल, पण थांबायचे तर त्या काळात माजाचे तीन आठवडे कुत्री खरोखर बंदोबस्तात ठेवावी. मराठवाड्यातल्या कुणाकडे जातिवंत पश्मी किंवा कारवानी असेल आणि ती जात टिकवायची असेल, तर त्याचा मार्ग वेगळा. मात्र २०१७ च्या नियमांप्रमाणे विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने नोंदणी करावी आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये. पिल्लांची घरे आधी ठरलेली असावीत, मग जोडी लावावी. आणि जे कुत्रे कधीच एकटे बाहेर जात नाही, ज्याचा मालक जागरूक आहे, त्याने वैद्याशी बोलून न करण्याचे ठरवले तर त्याला आम्ही दोष देणार नाही.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. मादीचे पोट उघडावे लागते. आदल्या रात्रीपासून उपास, मग भूल, आणि पुढचे दहाबारा दिवस टाके चाटू न देणे, उड्या मारू न देणे. ते बहुधा घरच्या बाईच्या गळ्यात पडते. तेव्हा तारीख ठरवताना रजा कोण काढणार तेही ठरवा. माज चालू असताना शस्त्रक्रिया शक्यतो टाळतात, दोनतीन महिने थांबतात. नराची शस्त्रक्रिया सोपी. पण त्यानंतरही काही आठवडे तो पिल्ले देऊ शकतो, हे विसरू नये. आणि ज्यांना खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नाही, अशा दहा घरांनी मिळून नगरपालिकेकडे अर्ज करावा, स्वस्त शिबिराची मागणी करावी. एकट्याचा अर्ज फायलीत जातो, दहा जणांचा वाचला जातो. हा आमच्या धंद्याचा अनुभव आहे.

मागणीपत्र तयार करताना सभेला न आलेल्या सभासदाचाही विचार आम्हांला करावा लागतो. घरात हा निर्णय घ्यायला बसाल तेव्हा दोन गैरहजर सभासदांची आठवण ठेवा : एक तुमच्या पायाशी झोपलेला असेल, आणि दुसरी पहाटे पाच वाजता हातात झाडू घेऊन तुमच्या गल्लीत शिरणार असेल.