जातीविषयी बोलण्यास नाटक अजून उपयोगी आहे काय?
(मस्कत येथील स्नेहमेळाव्यातील भाषण)



जात आणि वर्ण यांविषयी बोलण्यास एवढी साधने हाताशी असताना नाटकाची आवश्यकता उरली आहे काय, असा प्रश्न आपल्या बैठकीत विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. १८५५ साली महात्मा फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले ते ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांचा जलसा खेड्यापाड्यांत फिरला तोही त्याच कारणाने. आज आपली मुले शिकलेली आहेत. मग नाटक कशासाठी?

उत्तराची सुरुवात मी स्वतःपासून करतो. मस्कतला आलो त्या वर्षी रुवीतील एका मराठी गृहस्थांनी आम्हांस जेवावयास बोलावले. त्यांनी आडनाव विचारले. मी गाव सांगितले. त्यांनी पुन्हा विचारले. मी तालुका, जिल्हा सांगितला! सात वर्षांची माझी मुलगी शेजारी बसून ऐकत होती. तिने मला काही विचारले नाही, मीही तिला काही सांगितले नाही. आज ती अठरा वर्षांची आहे. बाबासाहेबांचे ग्रंथ मी तिला दिले. त्या जेवणाविषयी मात्र आम्ही कधी बोललो नाही.

१९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतलेले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत अ‍ॅथॉल फुगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना यांनी ‘सिझ्वे बान्झी इज डेड’ हे नाटक उभे केले. तेथे कृष्णवर्णीयास पासबुकाशिवाय शहरात राहता येत नसे. सिझ्वेला एका मृत माणसाचे पासबुक मिळते. ते घ्यावयाचे तर स्वतःचे नाव पुसावे लागते. न्यू ब्रायटनच्या वस्तीत प्रयोग चालू असतानाच प्रेक्षक आपापसांत वाद घालू लागले, ते घ्यावे की घेऊ नये? हाच प्रश्न त्यांनी एकेकट्याने वाचला असता, तर बहुधा मनातच ठेवला असता. आडनाव गिळून जेवलेल्या माणसाला ते नाटक परके वाटत नाही.

नाटकाने सर्व काही साधते, असा माझा दावा नाही. संजय पवारांच्या ‘कोण म्हणतं टक्का दिला?’ला टाळ्या देऊन, घरी जाताना आरक्षणाच्या नावाने बोटे मोडणारेही असतीलच. परंतु आपल्या घरांतील मौन मोडण्यापुरते तरी नाटकाचे काम शिल्लक आहे.

म्हणून येत्या १४ एप्रिलच्या कार्यक्रमात प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’ ही १९७७ची एकांकिका करावी, अशी माझी सूचना आहे. दोन नटांत ती होते. नेपथ्याचा खर्च नाही. काही पालक म्हणाले, “शेजाऱ्यांना कळेल.” त्यांना मी भित्रे म्हणणार नाही, ते जेवण मीही जेवलो आहे. पहिला प्रयोग केवळ आपल्या कुटुंबांपुढे व्हावा. दुसऱ्यास मात्र इतर मराठी मंडळींना आमंत्रण द्यावे, आणि त्या गृहस्थांना बोलावण्यास मी स्वतः जाईन.

एक भूमिका माझी मुलगी करणार आहे. दुसऱ्या भूमिकेसाठी आपल्या मुलांपैकी एक जण हवा आहे. तालमी शुक्रवारी दुपारी माझ्या घरी होतील.

जयभीम!